तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर: नाकातल्या नळीपासून पंगतीपर्यंत

गालाच्या, जिभेच्या किंवा जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन जे नुकतेच घरी आलेत किंवा दोन-चार दिवसांत घरी जाणार आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांचं बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझ्या मोठ्या भावाचा डावा गाल आणि जबड्याचा तुकडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या आणि छातीचा स्नायू वर ओढून गाल भरला. तेव्हापासून ओळखीत कुणाकडे असं काही निघालं की फोन माझ्याकडे येतो. त्या फोनवर जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने यातल्या एखाद्या गोष्टीला 'अजून नको' म्हटलं असेल, तर त्यांचंच ऐका.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. गाठ काढणं सर्जनच्या हातात होतं; जबडा आणि खांदा आखडू न देणं तुमच्या हातात आहे. पहिल्या काही महिन्यांत जो व्यायाम होतो, त्याला नंतर कितीही जोर लावला तरी तेवढं फळ येत नाही. बहुतेक घरी उलटं होतं: जखम भरेपर्यंत सगळे जिवाचा आटापिटा करतात आणि जखम भरली की हायसं वाटून सगळंच सोडून देतात.

१. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

नळीतून जेवण देणं सिस्टरच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने दोनदा तरी करून बघा. घरातल्या दोघांनी शिकावं, एकट्याने नको. मग चार तारखा लिहून घ्या: टाके काढण्याची, बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट मिळण्याची, पुढच्या उपचाराचा निर्णय होणार ती, आणि फिजिओथेरपीची. ड्रेनची नळी (जखमेत साचणारं पाणी बाटलीत काढणारी) लावूनच घरी सोडत असतील, तर रोज ठरावीक वेळी बाटलीत किती मिली जमलं ते वहीत लिहायचं. त्या आकड्यावरूनच ती कधी काढायची हे ठरतं. फाइलमधल्या प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हॉस्पिटलचा कोणता नंबर रात्री उचलला जातो, तेही विचारा. पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही: तोंडातून किंवा मानेतून ताजं रक्त, श्वास घ्यायला त्रास, बसवलेल्या मांसाचा रंग काळा-निळा पडणं, मानेच्या जखमेतून लाळेसारखं पाणी झिरपणं, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप. लाळ झिरपणं म्हणजे आतून बाहेर वाट पडली असण्याची शक्यता. दुखत नाही म्हणून लोक त्यावर कापूस लावून बसतात, तसं करू नका.

श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक बहुतेकांचं घरी जाण्याआधी बंद करायला घेतात. तिथे पट्टी असेल तोवर खोकताना, बोलताना पट्टीवर बोटाने हलका दाब ठेवला की हवा सुटत नाही आणि भोक लवकर भरतं.

२. नळीतून जेवण

नाकातली नळी, म्हणजे राइल्स ट्यूब, साधारण दोन-तीन आठवडे राहते, कधी जास्तही. नाकाशी पट्टी चिकटवलेली असते तिथे नळीवर कितवी खूण आहे ते बघून ठेवा आणि प्रत्येक वेळी जेवण देण्याआधी ती खूण जागेवर आहे ना याची खात्री करा. खूण बाहेर सरकली असेल किंवा नळी निघून आली असेल तर ती घरी परत ढकलायची नाही. ती चुकून श्वासनलिकेत जाऊ शकते. हॉस्पिटलला जायचं.

पेशंटला बसवून द्या. बसता येत नसेल तर पाठीशी उशा लावून धड चांगलं उंच करा. 50 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, सिरिंज नळीला जोडा, वर धरा आणि जेवण आपल्या वजनाने उतरू द्या. दाबून ढकलायचं नाही. आधी थोडं साधं पाणी, मग जेवण, मग पुन्हा पाणी, म्हणजे नळी चोंदत नाही. एका वेळी 200 ते 250 मिली, दर दोन-अडीच तासांनी. मध्येच ठसका लागला तर लगेच थांबा. झाल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. गोळ्या बारीक कुटून वेगळ्या पाण्यात द्या. पण काही गोळ्या कुटून चालत नाहीत, तेव्हा प्रत्येक गोळीचं फार्मसीत एकदा विचारून घ्या.

आता काय द्यायचं. इथे लोक सर्वांत जास्त कमी पडतात, कारण 'पातळ' म्हटलं की आपल्याला डाळीचं पाणी आणि नारळपाणी आठवतं. त्यावर जखम भरत नाही. 60 किलोच्या माणसाला या काळात दिवसाला साधारण 1500 ते 1800 कॅलरी आणि 70 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतात. हिशेब असा बसतो: एक लिटर दूध (प्रथिनं 32 ग्रॅमच्या आसपास), चार उकडलेली अंडी (24), वाटीभर डाळीच्या जागी 60 ग्रॅम मूगडाळ शिजवून (14), आणि 30 ग्रॅम भाजलेल्या, साल काढलेल्या शेंगदाण्यांचं अगदी बारीक कूट (7-8). यात 60 ग्रॅम नाचणीचं पीठ शिजवून घाला आणि दिवसभरात मिळून दोन मोठे चमचे तेल किंवा तूप. हे सगळं वेगवेगळ्या वेळच्या जेवणांत वाटून, मिक्सरमधून काढून, बारीक गाळणीने गाळून द्यायचं. अंडं चालत नसेल तर दुधात दुधाची पावडर, पनीर, जास्त डाळ. कच्चं अंडं नळीतून कधीही नाही. मधुमेह असेल तर साखर-गूळ वगळा आणि आहारतज्ज्ञांकडून प्रमाण लिहून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वरचा हिशेब तसाच उचलू नका.

आठवड्यातून एकदा, त्याच वजनकाट्यावर, वजन. दोन आठवडे सलग उतरत असेल तर फोन करा.

३. तोंड धुणं

तोंडाने खात नाही म्हणून तोंड स्वच्छ असतं असं नाही. लाळ साचते, खपल्या धरतात, वास मारतो. सर्जनने परवानगी दिली की लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून ठेवा. दर दोन-तीन तासांनी त्याने हळू खुळखुळवायचं. खुळखुळता येत नसेल तर सिरिंजने धार सोडून मान खाली करून पाणी बाहेर पडू द्यायचं. उरलेले दात मऊ ब्रशने, रोज. बाजारातले झोंबणारे माउथवॉश नकोत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती पहिल्यांदा दिसते तेव्हा माणूस हबकतो. छातीची किंवा मांडीची कातडी तोंडात बसवली असेल, तर पुरुषांच्या तोंडात तिच्यावर केस उगवू शकतात. हे बिघडल्याचं लक्षण नाही. ओपीडीत ते कापून देतात आणि पुढे रेडिएशन झालं तर बहुतेकदा केस यायचे थांबतात.

या बसवलेल्या मांसाला जाणीव नसते. ओठाचा कोपरा, हनुवटी, कानाची पाळी, मानेची कातडी हेही बधिर असतं. म्हणून चहा आधी मनगटावर टेकवून बघायचा, दाढी वस्तऱ्याने नाही तर ट्रिमरने करायची, आणि मानेला गरम पाण्याची पिशवी लावायची नाही. भाजलं तरी कळत नाही.

४. तोंड उघडण्याचा व्यायाम

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्याकडे अनेकांचं तोंड गुटखा-सुपारीमुळे ऑपरेशनच्या आधीच कमी उघडत असतं. त्यात टाक्यांचा व्रण, त्यावर रेडिएशन. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये 35 मिलिमीटरपेक्षा कमी जागा राहिली की त्याला तोंड आखडणं म्हणतात. घरगुती माप सोपं आहे: स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. एकच बोट जात असेल तर पुढे घास, ब्रश, दाताचा उपचार, एवढंच काय तर तपासणीसाठी डॉक्टरांना आत बघणंही अवघड होतं.

टाके भरले की, सर्जनच्या होकाराने, सुरुवात करा. जबड्यात पायाचं हाड बसवलं असेल तर थांबायला सांगतात, तेव्हा त्यांना तारीख विचारा.

आइस्क्रीमच्या लाकडी काड्या लागतात. चपट्या, गुळगुळीत, नव्या. मेडिकलमध्ये जीभ दाबून बघण्याच्या पट्ट्या मिळतात, त्या अधिक बऱ्या. तोंड जितकं सहज उघडतं तितक्या काड्यांची थप्पी ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या दाढांमध्ये आडवी ठेवा. मग थप्पीच्या मधोमध आणखी एक काडी हळूच सरकवा. ताण जाणवला पाहिजे, डोळ्यांत पाणी येता कामा नये. अर्धा मिनिट धरा, सोडा. असं पाच वेळा झालं की एक फेरी. दिवसातून चार-पाच फेऱ्या, जेवणाच्या वेळांना जोडून, म्हणजे विसर पडत नाही. एक काडी साधारण दीड-दोन मिलिमीटरची. आठवड्याला एक वाढली तरी खूप झालं. किती काड्या गेल्या ते तारखेसह भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत लिहा. आकडा खाली जायला लागला की दोन दिवसांत कळतं, तोंडाला विचारून कळत नाही.

रेडिएशन चालू असताना तोंड सोलवटतं आणि सगळ्यांना वाटतं की आता व्यायाम राहू दे. नेमकं तेव्हाच थांबवायचं नाही. ताण कमी करा, फेऱ्या चालू ठेवा. रेडिएशन संपल्यावरही आखडणं कित्येक महिने, कधी वर्षं चालू राहतं. म्हणून ही काडी दात घासण्यासारखी रोजची झाली पाहिजे.

५. खांदा

मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस ताणली जाते, कधी ती कापावीही लागते. मग खांदा एका बाजूला उतरतो, हात डोक्यावर जात नाही, शर्ट घालताना कळ येते. ऑपरेशन तोंडाचं असताना खांदा कसा दुखतो हे घरच्यांना कळत नाही आणि पेशंट गप्प बसतो.

ड्रेन निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट व्यायाम दाखवतात. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. जिथपर्यंत हात पोहोचला तिथे पेन्सिलने रेघ. खांदे कानाकडे उचलून सोडायचे. वाकून हात सैल सोडायचा आणि गोल फिरवायचा. मान सावकाश दोन्हीकडे वळवायची. त्या हाताने पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, पाठीवरचा फवारणीचा पंप काही महिने उचलायचा नाही. हात लोंबकळत ठेवण्याऐवजी बसताना उशीवर टेकवा. नस दुरुस्त होईपर्यंत त्या खांद्याला तेवढाच आधार.

सकाळी चेहरा आणि हनुवटीखालचा भाग सुजलेला दिसेल, दुपारपर्यंत उतरेल. डोक्याखाली जास्त उशा घेऊन झोपा. मालिश शिकवलेली असेल तेवढीच आणि तशीच. तेल लावून चोळायचं नाही.

६. शेक लागणार असेल तर

रेडिएशनला वॉर्डात कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट. ते प्रत्येकाला लागतंच असं नाही. बायोप्सीच्या अंतिम रिपोर्टवर ठरतं. लागणार असेल तर ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. ही मुदत कापणी, लग्न, यात्रा यांच्यासाठी पुढे ढकलू नका. 'जखम भरली, आता बरा आहे, दिवाळीनंतर बघू' हे वाक्य मी फोनवर फार वेळा ऐकलं आहे.

नेहमीचा क्रम आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे, रोज काही मिनिटं. सुरू होण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाणं सक्तीचं समजा. किडलेले, हलणारे दात आधीच काढून हिरडी भरू द्यावी लागते. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो आणि तो जन्मभर राहतो. पुढे कुठल्याही दंतवैद्याच्या खुर्चीत बसलात की पहिलं वाक्य हेच: माझ्या जबड्याला शेक दिलेला आहे.

ऑपरेशन मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झालं म्हणून शेकही तिथेच घ्यायला हवा असं नाही. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही कॅन्सरच्या हॉस्पिटलांत ही सोय आहे. डॉक्टरांना विचारून घराजवळ बघा. मुंबईतच राहायचं ठरलं तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी पेशंट आणि सोबतच्या माणसाची राहायची व्यवस्था होते. जागा मिळायला वेळ लागतो, तेव्हा नाव लवकर नोंदवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल, तर रेडिएशनसाठी वेगळी मंजुरी लागते का हे त्याच हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात फोड, चव जाणं, घट्ट लाळ. गेलेली चव परत येते, पण सावकाश, काही महिन्यांनी. शेकाच्या जागी हळद, बाम, तेल, खोबरेल, काहीही डॉक्टरांना न विचारता लावायचं नाही.

७. पहिला घास

गालाचं ऑपरेशन झालेले लोक लवकर तोंडाने खाऊ लागतात. जिभेचं झालं असेल तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, कारण पाण्यासारखी पातळ वस्तू श्वासनलिकेत घसरू शकते. त्यांना घट्टसर पदार्थ जास्त सोपे जातात. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, हे स्पीच थेरपिस्ट शिकवतात. खाताना वारंवार ठसका, नंतर ताप असं झालं तर तोंडाने देणं थांबवा आणि कळवा.

आपल्या स्वयंपाकघरात या काळासाठी भरपूर आहे: गुरगुट्या भात आणि साधं वरण, तांदळाची पेज, नाचणीची आंबील, ज्वारीच्या पिठाची उकड (मिरची न घालता), मुगाची पातळ खिचडी, रव्याची खीर, दुधात कुस्करून मऊ झालेली पोळी, लोण्यासारखी केलेली अंडाभुर्जी, काटे नीट काढलेला मासा. तिखट बराच काळ झोंबतं. जिरं, धने, थोडं आलं, कोथिंबीर, ताक यांवर चव आणायची. कोल्हापूर-नागपूरकडच्या माणसाला हे अळणी जेवण शिक्षा वाटते. त्याची तक्रार ऐकून घ्या, भांडू नका.

सुरुवातीला समोर छोटा आरसा ठेवून जेवा. ओठ बधिर असल्यामुळे घास बाहेर आलेला कळत नाही, गालात अडकलेला तर मुळीच कळत नाही. जेवण झाल्यावर टॉर्च लावून बघा, खुळखुळवा. टाळू काढून प्लेट बसवली असेल तर ती प्रत्येक जेवणानंतर काढून धुवायची. तोंडाने पुरेसं जातंय हे वजनाने सिद्ध होईपर्यंत नळी काढायची घाई नको.

८. बोलणं, आणि लोकांत जाणं

ओठाला धक्का लागला असेल तर प, ब, म अडतात. जिभेला लागला असेल तर ट, ड, ल, र. रोज सकाळी पेपरातली एक बातमी मोठ्याने, मुद्दाम हळू वाचा. घरच्यांनी वाक्य तोडून पूर्ण करायचं नाही; कळलं नाही तर 'पुन्हा सांग ना दादा' म्हणायचं. समजल्याचं नाटक केलं की ते त्याला लगेच ओळखू येतं.

चेहरा बदललेला असतो आणि लोक बघतात. पहिल्यांदा गर्दीत नको. जवळच्या एका घरी जा, तिथे चहा प्या, रुमाल हाताशी ठेवा. मग किराणा दुकान, मग देऊळ, मग कधीतरी लग्नाची पंगत. पंगतीत भिंतीकडची जागा धरा, कडेला आपला माणूस, ताटात फक्त वरणभात आणि मठ्ठा मागून घेतला तरी कुणी विचारत नाही. लहान मुलं थेट विचारतात, त्यांना थेट सांगा: गाठ होती, काढली. मोठी माणसं विचारत नाहीत, कुजबुजतात. त्यांना सांगायला तुम्ही बांधील नाही.

'माझ्याच कर्माने झालं' ही टोचणी बहुतेक पुरुषांना असते, आणि घरातलं कुणीतरी ती अधूनमधून बोलूनही दाखवतं. ते बंद करा. झोप उडाली, जगण्यात रस नाही असं बोलणं सुरू झालं तर हॉस्पिटलातल्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. ती ट्रीटमेंटचाच भाग आहे.

९. तंबाखू, आणि 'नुसती' सुपारीही

महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे प्रत्येकाला माहीत आहे. गुटखा, मावा, खर्रा, तंबाखू-चुना, बिडी, दातांना लावायची मिश्री, सगळं कायमचं बंद. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सर करते, तेव्हा जेवणानंतरची सुगंधी सुपारीही गेली. दारूही.

सोडल्यावर पहिली तक्रार येते ती सकाळी पोट साफ होत नाही, ही. कोमट पाणी, पालेभाजीचं सूप, थोडं चालणं, गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं औषध. तलफ काही मिनिटांत ओसरते; तेवढ्या वेळात उठून काड्यांची एक फेरी करा. 1800112356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे. आणि घरात दुसरं कुणी खात असेल तर त्याची पुडी त्याच कपाटात राहता कामा नये.

१०. काम आणि पुढच्या तपासण्या

बसून करायचं काम महिना-दीड महिन्यात सुरू होऊ शकतं. रेडिएशन लागलं तर तीन-चार महिने धरून चला. शेतीचं, हमालीचं, गवंडीकाम खांद्याची ताकद आल्यावर, आणि आधी अर्धा दिवस. गाडी चालवायची तर मान दोन्ही बाजूंना वळली पाहिजे. फोनवर बोलायची नोकरी असेल तर काही काळ दुसरं काम मागून घ्या.

पहिल्या वर्षी दर महिन्या-दोन महिन्यांनी किंवा तुमचे डॉक्टर सांगतील तसं दाखवायचं, पुढे अंतर वाढत जातं, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. मानेला शेक दिला असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी. उगाच थकवा, वजन वाढणं याचं कारण तिथे सापडतं. दोन तपासण्यांच्या मध्ये तोंडात न भरणारी जखम, मानेत नवी गाठ, कानात जाणारी कळ किंवा काड्यांचा आकडा कारण नसताना घसरणं दिसलं तर तारखेची वाट बघू नका.

तपासणीच्या प्रवासासाठी रेल्वेची सवलत आहे: कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात 75 टक्के सूट. ठरावीक नमुन्यातला दाखला हॉस्पिटल देतं, तो घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर जायचं. पुढच्या तपासणीची तारीख मिळते त्याच दिवशी दाखलाही मागून घ्या, म्हणजे त्यासाठी वेगळी फेरी पडत नाही.